लिअरी कॉन्स्टंटाइन: फलंदाजी १९, गोलंदाजी ३०, तरी एवढा मोठा अष्टपैलू कसा?

तक्तेबाज

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कसोटी अष्टपैलूंचा तक्ता करतोय. चाळणी अगदी साधी आहे: किमान १५ कसोट्या, ५०० धावा, ५० बळी. फलंदाजीच्या सरासरीतून गोलंदाजीची सरासरी वजा करायची आणि उतरत्या क्रमाने लावायचं. दक्षिण आफ्रिकेचा ऑब्री फॉकनर (४०.७९ आणि २६.५८) अधिक १४.२१, ऑस्ट्रेलियाचा जॅक ग्रेगरी (३६.९६ आणि ३१.१५) अधिक ५.८१, इंग्लंडचा विल्फ्रेड ऱ्होड्स (३०.१९ आणि २६.९६) अधिक ३.२३. इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे.

मग येतो वेस्ट इंडिजचा लिअरी कॉन्स्टंटाइन. १८ कसोट्या, ६३५ धावा, सरासरी १९.२४, शतक एकही नाही, सर्वोच्च ९०. बळी ५८, सरासरी ३०.१०. फरक उणे १०.८६. म्हणजे थेट तळाला. आणि तरीही त्या काळावर लिहिणारा जो तो त्याला पहिल्या पाचात घेतो, काही जण तर सर्वकालीन क्षेत्ररक्षकांतही.

हे नुसतं स्मरणरंजन आहे की आकड्यांतच काहीतरी गफलत आहे? "बघायला मजा यायची" सोडून दुसरं काही असेल तर सांगा. आकडे, सामने, कारणं, काहीही चालेल.

जुनं स्कोअरबुक

आकडे बरोबर आहेत, फक्त एकत्र मोजल्याने त्यातली फोड दिसत नाही. मालिकेनुसार मांडून बघा.

१९२८, इंग्लंड, ३ कसोट्या: ८९ धावा (१४.८३), ५ बळी (५२.४०). वेस्ट इंडिजची ही पहिलीच कसोटी मालिका. त्यांच्यासाठी कसोटीतला पहिला बळी त्यानेच घेतला, चार्ली हॅलोजचा. लॉर्ड्सच्या त्या डावात ८२ धावांत ४ बळी, आणि पुढच्या दोन कसोट्यांत मिळून एकच बळी.

१९३०, घरच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध, ३ कसोट्या: १८ बळी (२७.६१).

१९३०-३१, ऑस्ट्रेलिया, ५ कसोट्या: ७२ धावा (७.२०), ८ बळी (५०.८७). हा त्याचा सगळ्यात वाईट काळ. क्लॅरी ग्रिमेटने त्या मालिकेत ३३ बळी घेतले. उसळत्या चेंडूवर आडवी बॅट चालवणाऱ्याला ग्रिमेटची सपाट, अचूक फिरकी म्हणजे सापळाच.

१९३३, इंग्लंड, १ कसोटी: ३१ आणि ६४, १ बळी.

१९३४-३५, घरी, ३ कसोट्या: १६९ धावा (३३.८०), १५ बळी (१३.१३).

१९३९, इंग्लंड, ३ कसोट्या: ११ बळी (२९.८१), शेवटच्या कसोटीत ७९ धावा आणि डावात ५ बळी.

आता १९२८ आणि १९३०-३१ हे दोन दौरे बाजूला काढा. त्या ८ कसोट्यांत १६१ धावा १६ वेळा बाद होऊन, म्हणजे १०.०६, आणि १३ बळी ६६९ धावांत, म्हणजे ५१.४६. उरलेल्या १० कसोट्यांत ४७४ धावा (२७.८८) आणि ४५ बळी (२३.९३). फरक अधिक ३.९५. ऱ्होड्सच्या जरा पुढेच.

दुसरं, तुमचंच सूत्र प्रथम श्रेणीला लावा. ११९ सामने, ४४७५ धावा, सरासरी २४.०५, ५ शतकं. ४३९ बळी, सरासरी २०.४८. फरक अधिक ३.५७. कसोटीत उणे अकरा आणि प्रथम श्रेणीत अधिक साडेतीन, एवढी दरी क्वचितच दिसते. ज्याच्या कारकिर्दीत कसोट्याच १८, त्याच्या दोन वाईट दौऱ्यांनी सगळी सरासरी खाऊन टाकलीय.

पायचीत

हे म्हणजे नापास झालेले विषय वगळून टक्केवारी काढण्यासारखं आहे, साहेब. वाईट दोन मालिका काढल्या, तर चांगली एक पण काढा. मग बोलू.

जुनं स्कोअरबुक

मान्य, काढू या. १९३४-३५ वगळली तर ४६६ धावा, २८ वेळा बाद, सरासरी १६.६४, ४३ बळी १५४९ धावांत, सरासरी ३६.०२. म्हणजे एका मालिकेने आकडा किती हलतो ते दिसतंच. माझा मुद्दा तो महान ठरतो असा नाही. ३३ वेळा बाद आणि ५८ बळी एवढ्याशा ऐवजावर दोन दशांश स्थळांपर्यंत क्रमवारी लावण्यात अर्थ नाही, एवढंच म्हणतोय.

त्यापेक्षा हे बघा. १९२८ ते १९३९ मध्ये वेस्ट इंडिजने एकूण २२ कसोट्या खेळल्या आणि ४ जिंकल्या: जॉर्जटाउन १९३०, सिडनी १९३१, पोर्ट ऑफ स्पेन १९३५, किंग्स्टन १९३५. चारही सामन्यांत कॉन्स्टंटाइन होता. तो नसलेल्या ४ कसोट्यांत ३ पराभव, १ अनिर्णित. घरच्या तीन विजयांतली त्याची गोलंदाजी: जॉर्जटाउनला ३५ धावांत ४ आणि ८७ धावांत ५, पोर्ट ऑफ स्पेनला ४१ धावांत २ आणि ११ धावांत ३, किंग्स्टनला ५५ धावांत ३ आणि १३ धावांत ३. बेरीज २० बळी, २४२ धावा, सरासरी १२.१०.

जॉर्जटाउनचा सामना लोक जॉर्ज हेडलीच्या दोन शतकांसाठी (११४ आणि ११२) आणि क्लिफर्ड रोचच्या २०९ साठी लक्षात ठेवतात, आणि ते रास्तच आहे. पण वेस्ट इंडिजचा तो पहिला कसोटी विजय, २८९ धावांनी, आणि इंग्लंडच्या २० पैकी ९ बळी एकट्याचे.

पोर्ट ऑफ स्पेनचा तर शेवट वाचण्यासारखा आहे. पहिल्या डावात त्याच्या ९०, दुसऱ्यात ३१. इंग्लंडला ३२५ चं लक्ष्य, सगळे १०७ वर बाद. शेवटचा मोरिस लेलंड, कॉन्स्टंटाइनच्या चेंडूवर पायचीत, सामन्यातला फक्त एक चेंडू शिल्लक असताना. (सदस्यनामाला जागा, पायचीतराव.) ती कसोटी वाचली असती तर पहिली मालिका जिंकणं पुढे कधी झालं असतं कोण जाणे, कारण बार्बाडोसची पहिली कसोटी इंग्लंडने घेतलेली होती आणि त्यात हा खेळलेला नव्हता. पुढे किंग्स्टनला हेडलीच्या नाबाद २७० नंतर डावाने विजय, मालिका २-१. शेवटच्या दिवशी कर्णधार जॅकी ग्रँट जखमी झाला तेव्हा संघ कॉन्स्टंटाइननेच चालवला. कागदावरचा कर्णधार मात्र त्या काळी गोराच असायचा, हे वेगळं सांगायला नको.

कव्हरपॉइंट

कसोट्यांचं पुरे झालं. कॉन्स्टंटाइनचं नाव ज्या एका सामन्याने झालं तो कसोटी सामना नव्हताच. जून १९२८, लॉर्ड्स, मिडलसेक्स या इंग्लिश काउंटीविरुद्ध तीन दिवसांचा सामना. क्रमवार सांगतो, कारण हा सामना बहुतेक ठिकाणी दोन ओळींत गुंडाळलेला असतो.

आधीची स्थिती: पाय दुखावलेला, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली. पण दौरा तिकीटविक्रीवर चालायचा आणि लॉर्ड्सला तो नसेल तर गल्ला बसणार, म्हणून उतरवला.

मिडलसेक्स ६ बाद ३५२ वर डाव सोडतं. हेग आणि हेंड्रेन, दोघांची शतकं. वेस्ट इंडिज ५ बाद ७९. फॉलोऑन टळायला २०३ हव्यात. कॉन्स्टंटाइन येतो, १८ मिनिटांत ५०, तासाभराच्या आत ८६. संघ २३०. फॉलोऑन टळला, पण पिछाडी १२२ ची.

मिडलसेक्सचा दुसरा डाव. पहिल्या हप्त्यात त्याला विशेष काही मिळत नाही. परत आणल्यावर ६.३ षटकांत ११ धावांत ६. डावात ५७ धावांत ७. मिडलसेक्स १३६.

लक्ष्य २५९. वेस्ट इंडिज ५ बाद १२१. हा पुन्हा येतो, ६० मिनिटांत १०३, दोन षटकार आणि बारा चौकार. विजय हाताशी आल्यावर बाद झाला, पण तीन गडी राखून सामना निघाला. त्या डावातला एक सरळ फटका जॅक हर्नने स्वतःच्याच गोलंदाजीवर हाताने अडवायचा प्रयत्न केला. बोट मोडलं आणि हर्नचा तो हंगामच संपला. चेंडू त्याच्या हाताला लागूनही पॅव्हेलियनच्या कठड्यावर जाऊन आदळला होता. तेव्हाच्या बॅटची जाडी बघितली की हे जास्त कळतं: आजच्यासारख्या फुगीर कडा नाहीत, बॅट बारीक. ताकद सगळी मनगट आणि हाताची.

त्या अख्ख्या दौऱ्यात प्रथम श्रेणीत १३८१ धावा (३४.५२), १०७ बळी (२२.९५), ३३ झेल. हजार धावा आणि शंभर बळींची दुहेरी कामगिरी, आणि कसोटीत त्याच उन्हाळ्यात ८९ धावा. एकाच माणसाचे एकाच हंगामातले आकडे आहेत हे.

फरक का पडला? माझं मत असं: तो फटका आधी ठरवणारा फलंदाज होता. यष्टीबाहेरचा चेंडू ओढून लेगला मारायचा, मागच्या पायावरून कव्हरवर उचलून मारायचा. काउंटीच्या गोलंदाजाला क्षेत्ररचना बदलेपर्यंत पन्नास झालेल्या असत. कसोटीत मॉरिस टेट, हॅरोल्ड लारवुड, टिच फ्रीमन अशी माणसं समोर, शिवाय तोवर सगळ्यांना त्याची कुंडली माहीत. एक चूक आणि खेळ खलास.

आणि तक्त्यात क्षेत्ररक्षणाचा रकाना नाही याचं काय? १८ कसोट्यांत २८ झेल, सामन्यामागे १.५६. एकनाथ सोलकरचे २७ कसोट्यांत ५३, म्हणजे १.९६. सोलकर हा या मोजमापाचा शेवटचा टप्पा मानला तर कॉन्स्टंटाइन कुठे आहे ते बघा, आणि सोलकरला झेल मिळायचे ते बेदी-प्रसन्ना-चंद्राच्या फिरकीवर, अंगाशी उभं राहून. कॉन्स्टंटाइन १९२३ च्या इंग्लंड दौऱ्यात कव्हरला उभा असायचा. पुढे स्लिप, गली, शॉर्ट लेग, आणि स्वतःच्या गोलंदाजीवर पिचच्या मधोमध. वेगवान गोलंदाजी टाकून उरलेला वेळ स्लिपमध्ये उभं राहणारे तेव्हा फार नव्हते.

त्याचं मूळ घरात आहे. वडील लेब्रन कॉन्स्टंटाइन १९०० आणि १९०६ च्या इंग्लंड दौऱ्यांवर गेलेले, मामा व्हिक्टर पास्कल डावखुरा फिरकी गोलंदाज, १९२३ च्या दौऱ्यात भाच्याबरोबरच. बापलेक त्रिनिदादकडून एकत्र खेळलेत. पोर्ट ऑफ स्पेनच्या शॅनन क्लबचं क्षेत्ररक्षण आधीपासूनच कडक शिस्तीचं, तो त्यातच वाढला.

तक्तेबाज

आभार, तक्त्याला झेलांचा रकाना जोडतोय. एक शंका. १९३३ ला तो इंग्लंडमध्येच होता, मग कसोटी एकच कशी? दुखापत?

शनिवारची मॅच

दुखापत नाही, नोकरी. तो तेव्हा लँकेशायर लीगमध्ये नेल्सन क्लबचा व्यावसायिक खेळाडू होता आणि क्लबने फक्त ओल्ड ट्रॅफर्डच्या कसोटीसाठी सोडला.

ही लीग समजल्याशिवाय त्याची कारकीर्द कळत नाही, म्हणून जरा सविस्तर. लँकेशायरच्या कापडगिरण्यांच्या गावांचे १४ क्लब. प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक, म्हणजे हंगामात २६ सामने. मुख्यतः शनिवारी दुपारी, गिरणी सुटल्यावर, एका दुपारीत दोन्ही डाव. षटकांची मर्यादा नव्हती, वेळेची होती. प्रत्येक संघात व्यावसायिक एकच, बाकी दहा गावातले हौशी: कोणी विणकर, कोणी कारकून, कोणी दुकानदार. त्या एकाकडून अपेक्षा काय? पहिल्या चार-पाचात फलंदाजी, एका टोकाने जवळजवळ पूर्ण डाव गोलंदाजी, स्लिपमध्ये झेल, आणि आठवड्यात पोरांना सराव देणं. अर्धशतक झालं किंवा बळींची ठरलेली संख्या गाठली की मैदानात टोपी फिरायची, ते पैसे वेगळे.

नेल्सनने १९२९ पासून त्याच्याशी हंगामाला ५०० पौंड, वर कामगिरीचा बोनस आणि प्रवासखर्च असा करार केला. १९२८ च्या दौऱ्यावर तो आला तोच अशा कराराच्या शोधात. त्रिनिदादमध्ये वकिलाच्या कचेरीत कारकुनी करून काळ्या माणसाला वर जायला वाव नव्हता आणि वेस्ट इंडिजकडून खेळण्याचे पैसे मिळत नव्हते. तिथले क्लबसुद्धा रंगावर आणि पैशावर विभागलेले: क्वीन्स पार्क श्रीमंत गोऱ्यांचा, मेपल उजळ वर्णाच्या मध्यमवर्गाचा, शॅनन काळ्या कनिष्ठ मध्यमवर्गाचा, स्टिंगो कष्टकऱ्यांचा. शॅननच्या गोलंदाजाला पोट भरायचं तर नेल्सनच.

१९२९ ते १९३७, नऊ हंगाम. नेल्सन सात वेळा विजेता, उरलेल्या दोन वेळा दुसऱ्याच्या खाली कधीच नाही. लीगमध्ये ७७६ बळी, सरासरी साडेनऊच्या आसपास. ॲक्रिंग्टनविरुद्ध एकदा १० धावांत १०.

आता हे आकडे वाचताना काय चुकतं ते सांगतो. एक, प्रतिस्पर्धी बहुतेक हौशी होते हे खरं, पण समोरचा व्यावसायिक कोण ते बघा: हॅस्लिंग्डनला १९३४ पासून जॉर्ज हेडली, बर्नलीला मॅनी मार्टिनडेल, कोलनला अमरसिंग. दोन, खेळपट्ट्या उघड्या. शुक्रवारी रात्री पाऊस पडला की शनिवारी चिकट माती, तिथे ४० धावा म्हणजे सुक्या खेळपट्टीवरचं शतक. म्हणून लीगच्या धावांची सरासरी काउंटीशी लावू नये. तीन, वेळेच्या मर्यादेमुळे फलंदाजाला जम बसवायला वेळच नाही. पहिल्या दहा मिनिटांत मारायला सुरुवात करण्याची सवय तिथे पक्की होते. त्या सवयीने १९३१ नंतर त्याचं कसोटीत भलं केलं की वाईट, यावर मतभेद आहेत. माझ्या मते गोलंदाजीला फायदा झाला, फलंदाजीला नाही.

क्लब आणि देश ही ओढाताण आपल्याकडेही झाली आहे. १९५२ मध्ये विनू मंकड त्याच लीगमधल्या हॅस्लिंग्डनचा व्यावसायिक होता. हेडिंग्लेची पहिली कसोटी त्याच्याविना, तिथे भारत दुसऱ्या डावात बिनधावा ४ बाद. मग बोर्डाने क्लबकडून सोडवून आणला आणि लॉर्ड्सवर ७२, १८४ आणि १९६ धावांत ५. वेस्ट इंडिजने १९३३ ला तेवढी खटपट केली असती तर तुमच्या तक्त्यातल्या कसोट्या दोनने वाढल्या असत्या.

नाईट वॉचमन

गोलंदाजीबद्दल कोणी नीट बोललं नाही. "वेगवान गोलंदाज" एवढ्यावर त्याला सोडता येणार नाही, तीन वेगळे कॉन्स्टंटाइन आहेत.

१९२३ चा: मध्यमगती, क्षेत्ररक्षणासाठी निवडलेला वाटावा असा. दौऱ्यात ३७ बळी. १९२८ ते साधारण १९३३ चा: खरा वेगवान. मोठी उंची नाही, पण उडी मारून उंच हाताने टाकायचा आणि चेंडू छातीवर चढायचा. हा प्रकार छोट्या हप्त्यांत चालतो. लॉर्ड्सच्या त्या सहा बळींचं गणित हेच आहे, आणि कसोटीत दिवसाला वीस-पंचवीस षटकं टाकायला लावल्यावर धार जाण्याचं कारणही हेच.

१९३३ ला ओल्ड ट्रॅफर्डवर त्याने आणि मार्टिनडेलने इंग्लंडला त्यांचंच औषध, बॉडीलाइन, दिलं: लेगला गर्दी, आखूड टप्पा, रोख फलंदाजाच्या अंगावर. वॅली हॅमंडच्या हनुवटीला लागलं. इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिनने मात्र त्यावर १२७ काढल्या, त्याचं कसोटीतलं एकमेव शतक. बॉडीलाइनचा बाप स्वतः बॉडीलाइन खेळून दाखवतो, हे त्याच्या बाजूने मान्य करावंच लागेल. पण इंग्लंडच्या प्रेक्षकांनी हा प्रकार पहिल्यांदाच डोळ्यांनी कसोटीत पाहिला, आणि त्यानंतर तिथलं मत फिरायला लागलं. १९३५ ला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये आखूड चेंडूंवरून पंचांनी कॉन्स्टंटाइनला समज दिली होती.

तिसरा १९३९ चा, वय ३७. लीगमध्ये दर शनिवारी अख्खा डाव टाकायचा तर वेगाने अंग मोडतं. त्यामुळे तिथे त्याने धाव कमी केली, कटर, संथ चेंडू, मनगटी फिरकी, मधूनच एक पूर्ण वेगाचा, असा खजिना जमवला. फलंदाजाला हातावरून अंदाज येऊ नये हे सूत्र. परिणाम: १९३९ च्या दौऱ्यात १०३ बळी, सरासरी १७.७७, संघात सर्वाधिक. १९२८ ला ताकदीने १०७ बळी २२.९५ ने, अकरा वर्षांनी डोक्याने १०३ बळी १७.७७ ने.

शेवटची कसोटी, ओव्हल, ऑगस्ट १९३९. ७५ धावांत ५ बळी. मग फलंदाजीत साधारण तासाभरात ७९. तो खेळत असताना संघाच्या १०३ धावा झाल्या, त्यातल्या या ७९. शेवटी उंच उडालेला चेंडू यष्टिरक्षक आर्थर वुडने सीमारेषेकडे धावत जाऊन झेलला. यष्टिरक्षक सीमारेषेकडे, म्हणजे क्षेत्ररचना कुठवर पसरली होती ते बघा. या हंगामावर 'विस्डेन' या क्रिकेट वार्षिकाने त्याला १९४० च्या सर्वोत्तम पाच खेळाडूंत निवडलं. दोन आठवड्यांत युद्ध.

तक्त्यासाठी सूचना: १९३९ ला इंग्लंडात षटक आठ चेंडूंचं होतं. षटकांवरून स्ट्राइक रेट काढत असाल तर त्या हंगामाला सहाने गुणू नका.

तक्तेबाज

हे लक्षातच आलं नसतं. भारतात खेळला होता का कधी? कुठेतरी 'फ्रीलूटर्स' असं संघाचं नाव त्याच्या माहितीत दिसतंय, ते काय प्रकरण आहे?

शनिवारची मॅच

हो, १९३४-३५ च्या हंगामात. फ्रीलूटर्स हा सिकंदराबादच्या मोइन-उद-दौला सुवर्णचषक स्पर्धेतला संघ. संस्थानिक आणि नवाबांच्या पैशावर चालणारी ही स्पर्धा, परदेशी पाहुणे बोलवायची त्यांना हौस. १९३० मध्ये याच स्पर्धेत इंग्लंडचे हॉब्ज आणि सटक्लिफ येऊन गेले होते. सामने प्रथम श्रेणीचे धरले जातात, त्यामुळे त्याच्या ११९ मध्ये ते मोजलेले आहेत. प्रथम श्रेणीत तो बार्बाडोसकडूनही खेळलाय, १९३८-३९ मध्ये, तेव्हा "बार्बाडोस" दिसलं तर छपाईची चूक समजू नका.

दुसरा धागा नेल्सनचा. कोलन आणि नेल्सन ही शेजारची गावं, त्यामुळे अमरसिंग कोलनला असतानाची नेल्सन-कोलन लढत म्हणजे कॉन्स्टंटाइन विरुद्ध अमरसिंग. आणि कॉन्स्टंटाइन १९३७ नंतर रॉचडेलला गेल्यावर नेल्सनने व्यावसायिक म्हणून घेतला तो लाला अमरनाथ. नेल्सनच्या गिरणी कामगारांनी त्या दशकात जेवढं उत्तम क्रिकेट फुकटात जमा, म्हणजे तिकिटाच्या चार आण्यांत पाहिलं, तेवढं मुंबईकरांनीही पाहिलं नसेल.

पायचीत

तो लॉर्ड झाला, हॉटेलवर खटला जिंकला वगैरे, ते क्रिकेटमुळेच का? की ते वेगळं?

कव्हरपॉइंट

खटला क्रिकेट सामन्यावरूनच. १९४३, लॉर्ड्सवर डोमिनियन्स (ब्रिटिश साम्राज्यातल्या इतर देशांचे खेळाडू) या संघाकडून खेळायला लंडनला आला होता. पत्नी आणि मुलीसह चार रात्रींसाठी रसेल स्क्वेअरच्या इम्पीरियल हॉटेलात आधी खोली ठरवलेली. पोचल्यावर सांगितलं, एकच रात्र राहा, कारण काय तर अमेरिकन पाहुणे हरकत घेतील. तो तेव्हा ब्रिटिश कामगार मंत्रालयाचा अधिकारी होता, लिव्हरपूलच्या कारखान्यांत आलेल्या वेस्ट इंडियन कामगारांची व्यवस्था बघणारा. त्याने दावा लावला. त्या वेळी इंग्लंडात वर्णभेद बेकायदा ठरवणारा कायदाच नव्हता, म्हणून दावा उभा केला तो जुन्या प्रघातावर: पथिकाश्रय चालवणाऱ्याने आलेल्या वाटसरूला सबळ कारणाशिवाय नाकारता येत नाही. जून १९४४ मध्ये न्यायमूर्ती बर्केट यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला, भरपाई पाच गिनी. रक्कम नाममात्र, पण हा निकाल कायद्याच्या अभ्यासात आजही येतो.

पुढचं भराभर: १९५४ ला बॅरिस्टर, १९५६ ला त्रिनिदादमध्ये निवडून येऊन मंत्री, १९६१ ते १९६४ लंडनमध्ये उच्चायुक्त, १९६२ ला सर, १९६९ ला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसणारा पहिला कृष्णवर्णीय उमराव. पदवीत दोन गावं घेतली, त्रिनिदादचं मरावल आणि लँकेशायरचं नेल्सन. १ जुलै १९७१ ला लंडनमध्ये गेला.

जुनं स्कोअरबुक

परत तक्त्याकडे, कारण गोंधळ इथेच होतो. कुठला सामना कुठे मोजायचा?

लँकेशायर लीग, सेंट्रल लँकेशायर लीग (रॉचडेल) आणि युद्धकाळातली ब्रॅडफर्ड लीग (विंडहिल) यातलं काहीच प्रथम श्रेणीत धरत नाहीत. युद्धातले लॉर्ड्सवरचे एकदिवसीय आणि दोनदिवसीय सामनेही नाहीत. पण ऑगस्ट १९४५ चा इंग्लंड विरुद्ध डोमिनियन्स हा लॉर्ड्सचा सामना प्रथम श्रेणीचा आहे आणि तोच त्याचा शेवटचा. ठरलेला कर्णधार लिंडसे हॅसेट आजारी, म्हणून उरलेल्या खेळाडूंनी कर्णधार कॉन्स्टंटाइनला निवडलं. संघात ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडर, दक्षिण आफ्रिकन, सगळे गोरे. कीथ मिलरच्या १८५, कॉन्स्टंटाइनच्या ४०, आणि ४५ धावांनी विजय. काही जुन्या याद्या कारकीर्द १९३९ ला संपवतात, त्यात हा सामना राहून जातो आणि बेरीज ११९ ला जुळत नाही. जुळली नाही तर आधी हा सामना आणि १९३४-३५ चे फ्रीलूटर्सचे सामने तपासा.

कसोटीच्या चाळणीत तो तळाला राहील तर राहू द्या. शेजारी एकच जादा रकाना टाका, "संघाच्या विजयांतले बळी आणि सरासरी", आणि फॉकनर, ग्रेगरी, ऱ्होड्स यांच्याही आकड्यांवर तो चालवा. सिडनी १९३१ मधली त्याची गोलंदाजी धावफलकावरून भरून घ्या, मी वर फक्त घरचे तीन विजय मोजलेत.